मागे बसलेल्या इंजिनाची साठ वर्षं

पोर्शे ९११ ही गाडी १९६४ पासून एकाच नावाने आणि एकाच मांडणीने बनते आहे. तिच्या आठ पिढ्यांमधल्या तांत्रिक बदलांबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. त्यांतले निवडक प्रश्न आणि आमच्या तंत्रज्ञ मंडळींची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : आधी इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकवायचं आणि मग गाडी वळणावर मागून सुटते म्हणून साठ वर्षं उपाय करत बसायचं. त्यापेक्षा इंजिनच थोडं पुढे घेतलं असतं तर?

उत्तर : तर मागच्या दोन छोट्या सीट गेल्या असत्या आणि ती दुसरीच गाडी झाली असती. शिवाय मागे वजन असण्याचा रोख फायदा आहे. जी चाकं गाडी ढकलतात त्यांच्यावरच भार असल्यामुळे निघताना ती जागेवर गरगरत नाहीत. ब्रेक दाबल्यावर भार पुढे सरकला तरी मागचे ब्रेक कामाचे राहतात. तोटा एकाच प्रसंगी होतो, पण जबर होतो. वळणात चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात आणि मागचं वजन लंबकासारखं बाहेर झुकतं.

पहिल्या ९११ मध्ये १९९१ सीसीचं, १३० अश्वशक्तीचं हवेने थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. पुढच्या आणि मागच्या आसांतलं अंतर होतं २२११ मिलिमीटर आणि चारही टायर १६५ रुंदीचे. पहिला उपाय अगदीच गावठी होता : पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी ११ किलोचं ओझं बसवलं. खरा उपाय १९६९च्या मॉडेलमध्ये आला. इंजिन होतं तिथेच ठेवून मागच्या चाकांचे आर्म लांब केले आणि चाकंच ५७ मिलिमीटर मागे नेली. अंतर २२६८ झालं. त्याच सुमारास मोठ्या बॅटरीच्या जागी दोन छोट्या बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत गेल्या. त्याआधीच, १९६८च्या मॉडेलपासून, इंजिनाचं क्रँककेस, म्हणजे खालचं मुख्य कवच, ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियमचं झालं होतं. सर्व पिढ्यांतला सगळ्यात शहाणा बदल आम्ही चाकं मागे नेण्याचाच मानतो.

१९७३च्या कॅरेरा आरएस २.७ मध्ये मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद झाली, पुढे ६ इंच आणि मागे ७ इंच. इंजिनाच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा आला. पुढे १९८९च्या ९६४ या पिढीने (या संकेतांकांचा क्रम पुढच्या उत्तरात आहे) टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणाऱ्या दांड्या, काढून कॉइल स्प्रिंग आणल्या. १९९३च्या ९९३ ने मागे अनेक दांड्यांचं नवं सस्पेन्शन दिलं, त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडल्यावर चाकाची दिशा पूर्वीसारखी बिघडेना. २०११च्या ९९१ मध्ये आसांतलं अंतर आणखी १०० मिलिमीटरने वाढून २४५० झालं. २०१३ पासून टर्बो आणि जीटी३ या ९११ च्याच प्रकारांमध्ये मागची चाकंही वळू लागली : ५० किमी वेगाखाली पुढच्या चाकांच्या उलट दिशेला, ८०च्या वर त्याच दिशेला. म्हणजे कमी वेगात गाडी आखूड असल्यासारखी वळते आणि जास्त वेगात लांब असल्यासारखी स्थिर राहते.

जुनी गाडी चालवणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. ब्रेक लावायचा तो वळणाआधी, वळणात ॲक्सिलरेटर हलका पण दाबलेला ठेवायचा. आणि मागच्या टायरमधली हवा पुढच्यापेक्षा जास्तच हवी, चारही सारखी भरू नये. सहा वर्षांवरचे टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला, कारण रबर कडक झालेलं असतं आणि या गाडीत त्याची किंमत मागची चाकं वसूल करतात.

प्रश्न : ९६४, ९९३, ९९६, ९९७ आणि मग एकदम ९९१? हे आकडे कसे लावायचे?

उत्तर : लावू नका. ते कंपनीचे अंतर्गत संकेतांक आहेत, त्यांत चढता क्रम नाही. क्रम असा : मूळ गाडी (१९६४), जी मालिका (१९७४चं मॉडेल), ९६४ (१९८९चं मॉडेल), ९९३ (१९९३), ९९६ (१९९७), ९९७ (२००४), ९९१ (२०११), ९९२ (२०१८ अखेर). ‘९९७.२’ असं लिहिलं असेल तर त्या पिढीची मध्यावर सुधारलेली आवृत्ती. बाकी ‘९११’ हे नावसुद्धा तडजोडच आहे. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गाडी ९०१ म्हणून मांडली होती, पण मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला.

प्रश्न : माझ्याकडे १९८४ची कॅरेरा ३.२ आहे. सकाळी ऑइलची काडी कोरडी दिसते म्हणून एक लिटर घातलं, तर संध्याकाळी मागून निळा धूर. इंजिन गेलं का?

उत्तर : इंजिन शाबूत आहे, तुम्ही ऑइल जास्त घातलंत. या इंजिनात ऑइल सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या भांड्यात) राहत नाही, वेगळ्या टाकीत राहतं. गाडी रात्रभर उभी राहिली की टाकीतलं थोडं थोडं ऑइल क्रँककेसमध्ये उतरतं आणि काडी कोरडी निघते. पातळी बघायची ती इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, गाडी सपाट जागी ठेवून, इंजिन आयडलवर चालू असताना. थंड गाडीत टाकलेलं ऑइल नंतर टाकीच्या श्वासनळीतून एअर फिल्टरमध्ये जातं आणि जळतं. आता गरम गाडीत काडी बघा, वरच्या खुणेपेक्षा जास्त असेल तेवढं काढा आणि एअर फिल्टर ऑइलने भिजला असेल तर बदला. धूर एक-दोन दिवसांत थांबायला हवा.

९९७ पासून तर काडीच नाही, पातळी पडद्यावर दिसते. तिथेही गाडी सपाट आणि इंजिन गरम हवं, नाहीतर आकडा फसवा येतो.

प्रश्न : याच काळातल्या गाड्यांचे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट) घरी सेट करता येतात का?

उत्तर : येतात. ९९३ मध्ये आपोआप जुळणारे हायड्रॉलिक टॅपेट आले, त्याआधीच्या सगळ्या गाड्यांना हे काम साधारण २४ हजार किमीला लागतं. गॅप इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींना ०.१० मिमी, आणि इंजिन पूर्ण थंड हवं. थंड म्हणजे रात्रभर उभं राहिलेलं, तासाभराचं नव्हे.

क्रँकच्या पुलीवरची झेड-१ ही खूण केसच्या जोडरेषेसमोर आणा. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून रोटर पहिल्या सिलिंडरच्या खाचेकडे आहे ना ते बघा. उलट बाजूला असेल तर पुली आणखी एक पूर्ण फेरी फिरवा. आता पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह सेट करा. मग पुली घड्याळाच्या दिशेनेच दर वेळी १२० अंश फिरवा, आणि पुढचे सिलिंडर ६, २, ४, ३, ५ या क्रमाने घ्या. लॉकनट घट्ट केल्यावर फीलर गेज पुन्हा घालून बघायलाच हवं, कारण घट्ट करताना स्क्रू जरासा फिरतो आणि गॅप कमी होतो. नवशिक्यांचं काम इथेच बिघडतं. एक्झॉस्टचे टॅपेट गाडीखालून करावे लागतात. गेजची पट्टी तिथे वाकडी शिरते आणि सैल गॅप बरोबर असल्यासारखा भासतो, म्हणून प्रत्येक गॅप दोनदा तपासा. झाकणांची गॅस्केट जुनी वापरू नका.

प्रश्न : हवेने थंड होणारी ९११ घ्यायची आहे. कोणत्या वर्षांची टाळू?

उत्तर : टाळण्यापेक्षा कुठे काय बघायचं ते लक्षात ठेवा. १९७४ ते १९७७च्या २.७ लिटर गाड्यांत मॅग्नेशियमचं केस आणि वाढलेली उष्णता यांचं जमलं नाही. गरम-थंड होऊन हेड धरून ठेवणारे लांब स्टड केसमधले आटे घेऊन वर येतात. अमेरिकेत विकलेल्या काही गाड्यांना धूर कमी करणारे थर्मल रिॲक्टर होते, त्यांनी हेड आणखी तापायची. केसमध्ये पोलादी आटे बसवून घेतल्याचं बिल असेल तरच इंजिन दुरुस्त समजा. १९७८च्या एससी या मॉडेलपासून केस पुन्हा ॲल्युमिनियमचं झालं.

एससीमध्ये दोन दुखणी. टायमिंग चेन ताणून धरणारे टेन्शनर निकामी होतात, आणि तसं झालं तर चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. १९८४च्या ३.२ मध्ये इंजिनाच्या ऑइलच्या दाबावर चालणारे टेन्शनर आले, ते जुन्या गाडीलाही बसवता येतात. दुसरं म्हणजे थंड इंजिन सुरू होताना बॅकफायर झाला की प्लॅस्टिकचा एअरबॉक्स फुटतो. दाब सोडणारी झडप बसवली की प्रश्न मिटतो.

९६४ मध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि एकाला एक जोडलेले दोन डिस्ट्रिब्युटर आहेत. त्यांच्यातला छोटा पट्टा तुटला तर दुसरा रोटर थांबतो, गाडी मात्र चालत राहते. चुकीच्या सिलिंडरला चुकीच्या वेळी ठिणगी मिळून पिस्टनचं नुकसान होतं. दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, कोणालातरी स्टार्टर मारायला सांगा, रोटर फिरतो का बघा. पाच मिनिटांचं काम.

फॅनचा पट्टा हा सगळ्यांचाच जीव. तो तुटला की हवाच थांबते, तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं. ताण वाढवायचा असेल तर पुलीच्या दोन भागांमधली एक चकती काढून बाहेरच्या बाजूला लावा.

प्रश्न : एवढं चांगलं हवेचं इंजिन सोडून १९९७ मध्ये पाणी का आणलं?

उत्तर : कारण सिलिंडरला चार व्हॉल्व्ह हवे होते. दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मधला चिंचोळा धातू नुसत्या हवेने थंड राहत नाही. ९५९ या वेगळ्या गाडीत पोर्शेने सिलिंडरला हवा आणि हेडला पाणी अशी सांगड घालून पाहिली होती. त्यात धुराचे आणि आवाजाचे नियम कडक होत गेले. हवेच्या इंजिनाचं तापमान वर-खाली होत असल्याने मिश्रण काटेकोर ठेवता येत नाही, आणि भोवती पाण्याचं आवरण नसल्याने खडखडाट बाहेर येतो. ९९६ चं ३.४ लिटर इंजिन ३०० अश्वशक्ती देऊ लागलं, ९९३ चं ३.६ लिटर शेवटी २८५ देत होतं. जाता जाता आणखी एक फायदा झाला : रेडिएटर पुढे गेले आणि थोडं वजन पुढे सरकलं.

बदल्यात नवी दुखणी आली. पुढच्या जाळ्यांतून पालापाचोळा आत जाऊन एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे कुजतो आणि दोन्ही गंजतात. दर दोन वर्षांनी बंपर उतरवून तो साफ करा. पाण्याच्या पंपाचा प्लॅस्टिकचा पंखा तुटला तर तुकडे इंजिनाच्या वाटांत अडकतात, म्हणून पंप गळायची वाट बघू नका.

प्रश्न : ९९६ च्या ‘आयएमएस बेअरिंग’चं प्रकरण नक्की काय आहे? इंजिन पूर्ण न उघडता काही करता येतं का?

उत्तर : या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांच्यामध्ये एक मधला शाफ्ट (इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणजेच आयएमएस) असतो, कॅमच्या चेन तोच फिरवतो. हवेच्या इंजिनात हा शाफ्ट दाबाखालच्या ऑइलवर तरंगत फिरायचा. ९९६ मध्ये त्याच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला आयुष्यभर पुरेल अशा समजुतीने ग्रीस भरलेलं सीलबंद बॉल बेअरिंग बसवलं. सील म्हातारं झालं की ग्रीस धुऊन जातं आणि आत शिरलेलं ऑइल तिथेच साचून राहतं. ते बदलत नाही, त्यात ओल आणि आम्ल जमतं. गोळ्या झिजतात, शाफ्ट हलतो, चेन उडी मारते आणि मग व्हॉल्व्ह वाकतात. थोडं अंतर चालवून बंद करायची सवय आणि ऑइल उशिरा बदलणं या दोन्हींनी हे लवकर होतं.

सुरुवातीच्या गाड्यांत बेअरिंग दोन रांगांचं होतं, ते तुलनेने टिकतं. साधारण २००० नंतर एका रांगेचं आलं, खरी काळजी त्याचीच. २००६ च्या सुमारास आलेलं मोठं बेअरिंग मजबूत आहे, पण केस न फोडता बाहेरच येत नाही. जीटी३ आणि टर्बो यांच्या इंजिनांना हा प्रश्न नाही, त्यांचं क्रँककेस जुन्या रेसिंग घराण्यातलं आहे. त्यांनीही फार मिरवू नये : त्यांच्या कूलंटच्या नळ्या केसमध्ये चिकटवलेल्या असतात, त्या सुटतात, वेल्डिंग करून घ्याव्या लागतात.

आधी तपासणी. ऑइल फिल्टर काढा, कागद कापून घड्या उलगडा, उजेडात धरा आणि चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारा कीस बेअरिंगच्या पोलादाचा असतो. न चिकटणारी चमक ॲल्युमिनियमची, तिचं कारण वेगळीकडे शोधा. तपकिरी-काळे प्लॅस्टिकचे तुकडे चेनच्या पट्ट्यांचे. सम्पचं झाकणही उतरवून तळ बघा. पोलादाचा कीस निघाला तर नुसतं नवं बेअरिंग घालू नका. तो कीस ऑइलबरोबर सगळीकडे पोचलेला असतो आणि नवं बेअरिंगही त्यातच जातं. तेव्हा इंजिन उघडणं हाच मार्ग.

फिल्टर स्वच्छ असेल तर क्लच बदलतानाच हे काम उरका, कारण गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील तेव्हा उतरवलेलेच असतात. क्रँक पिन घालून जागेवर अडकवा, कॅम लॉक करा आणि चेनचे टेन्शनर आधी सैल करा. हा क्रम चुकला तर झाकण काढताच शाफ्ट एका बाजूला ओढला जातो, चेन दात सोडते आणि टायमिंग नव्याने लावत बसावं लागतं. मग झाकणाचे तीन बोल्ट, पुलर लावून जुनं बेअरिंग, नवं बेअरिंग, नवे बोल्ट. क्रँकच्या मागचं सीलही याच वेळी बदला. पुढे ऑइल दर ८ ते १० हजार किमीला किंवा वर्षाला, आणि प्रत्येक वेळी फिल्टर कापून बघायचा.

प्रश्न : आणि सिलिंडरवर ओरखडे पडतात ते?

उत्तर : ते मुख्यतः ९९६ च्या ३.६ आणि ९९७ च्या पहिल्या आवृत्तीच्या इंजिनांत. खुणा : एका बाजूची टिकटिक, ऑइलचा खप वाढणं, एक सायलेन्सर दुसऱ्यापेक्षा काळा. प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तर सिलिंडरचा वरचा भागच दिसतो आणि ओरखडे खाली असतात. सम्प उतरवून, पिस्टन वर नेऊन खालून बघा. ऑइल गरम होईपर्यंत इंजिन ताणू नका. २००८च्या ९९७.२ मध्ये ब्लॉक नवा, इंधन थेट सिलिंडरमध्ये आणि मधला शाफ्ट गायब. वापरलेली घ्यायची तर आमची पसंती तिलाच.

प्रश्न : पीडीके गिअरबॉक्स खरंच हाताच्या गिअरपेक्षा वेगवान आहे?

उत्तर : वेगवान आहेच. दोन क्लच असल्याने पुढचा गिअर आधीच लागलेला असतो, फक्त क्लचची अदलाबदल होते. ही कल्पना पोर्शेने १९८०च्या दशकात ९५६ आणि ९६२ या रेसिंग गाड्यांत वापरली, रस्त्यावरच्या ९११ ला २००८ मध्ये दिली. तेव्हाच्या सात गिअरांपैकी कमाल वेग सहाव्यात मिळायचा, सातवा इंधन वाचवायला होता. मजेचं विचाराल तर १९८७च्या जी-५० गिअरबॉक्सला तोड नाही. त्याआधीच्या ९१५ ला थंड असताना घाई चालत नाही, दुसरा गिअर जबरदस्तीने घातला की सिंक्रो (गिअरांचा वेग जुळवणाऱ्या कड्या) झिजतात. आणि जुन्या स्पोर्टोमॅटिक या अर्धस्वयंचलित गिअरबॉक्सच्या दांड्यावर हात टेकवून ठेवू नका. दांड्याला हात लागताच क्लच सुटतो.

प्रश्न : टर्बो दाबल्यावर उशिरा येणारा जोर आता संपला का? नवी गाडी हायब्रिड आहे म्हणतात, मग ती चार्जिंगला लावायची का?

उत्तर : १९७५च्या पहिल्या टर्बोत (३ लिटर, २६० अश्वशक्ती) एकच मोठा टर्बो होता. दाबलं की आधी काहीच नाही, मग सगळं एकदम, तेही बहुधा वळणात. १९७८ मध्ये इंजिन ३.३ लिटर झालं आणि टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर आला. ९९३ मध्ये एकाऐवजी दोन लहान टर्बो आणि चारही चाकांना जोर, ४०८ अश्वशक्ती. २००६च्या ९९७ टर्बोत टर्बाइनभोवतीची पाती कोन बदलू लागली. कमी फेऱ्यांत वाट अरुंद, जास्त फेऱ्यांत रुंद. डिझेलमध्ये हे आधीपासून होतं, पण पेट्रोलचा धूर १००० अंशांपर्यंत तापतो आणि तिथे हलती पाती टिकवणं हे खरं काम होतं.

२०२४च्या कॅरेरा जीटीएसमध्ये पुन्हा एकच टर्बो आहे, पण त्याच्या दांड्यावर विजेची मोटर बसली आहे. धुराची वाट न पाहता मोटरच त्याला फिरवते. जास्तीचा धूर आला की तीच मोटर जनरेटर होते, म्हणून जास्तीचा धूर बाजूने सोडणाऱ्या झडपेची, वेस्टगेटची, गरज उरली नाही. ३.६ लिटर इंजिन, गिअरबॉक्समधली दुसरी मोटर आणि १.९ किलोवॅट-तासांची बॅटरी मिळून ५४१ अश्वशक्ती. चार्जिंगला लावायची सोयच नाही, नुसत्या विजेवर ती चालतही नाही. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर गेल्याने इंजिनाचे पट्टे गेले, इंजिन ११० मिलिमीटरने बुटकं झालं आणि मोकळ्या जागेत इलेक्ट्रॉनिक्स बसलं. वजन आधीच्या जीटीएसपेक्षा ५० किलोच वाढलं. अर्थात १९६४ची गाडी १०८० किलोची होती आणि ९९२ ची साधी कॅरेराही १५०५ किलोची आहे, हा हिशेब वेगळा.

प्रश्न : १९७२च्या एका ९११ ला उजव्या दाराच्या मागे आणखी एक झाकण दिसलं. पेट्रोल तर डावीकडून पुढे भरतात. हे कशाचं?

उत्तर : ऑइलचं. मागचं वजन कमी करायला त्या वर्षी ऑइलची टाकी मागच्या चाकाच्या मागून काढून पुढे घेतली आणि तिचं तोंड बाहेर आणलं. कल्पना उत्तम होती, पण पंपावरचे लोक तिथे पेट्रोल ओतू लागले. १९७३च्या मॉडेलला टाकी पुन्हा मागे गेली. तुमच्या गाडीत तसं झालं तर इंजिन अजिबात सुरू करू नका, किल्लीही फिरवू नका. टाकी आणि क्रँककेस दोन्हींचे ड्रेन बोल्ट उघडून सगळं काढा, फिल्टर बदला आणि नवं ऑइल भरा.